रानात जाऊनही हरिण का दिसत नाही: वारा, चाल आणि जागा यांची क्रमवार तपासणी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून येऊर, नागला किंवा कर्नाळ्याच्या रानात निरीक्षणासाठी जाणाऱ्या नवख्या मंडळींची एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: पहाटे उठून गेलो, तासन्‌तास चाललो, पण हरिण दिसले नाही. अशा मंडळींबरोबर पुन्हा त्याच वाटेने चालून दोष कोठे आहे हे शोधण्याचे काम मी अनेकदा केले आहे. बहुतेक वेळा दोष रानात नसतो, तर आपला वास आणि आपली चाल यांत असतो. कोणता दोष आपल्या बाबतीत लागू आहे हे कळावे, म्हणून आधी लक्षणे देतो आणि मग बिनखर्चाच्या तपासणीपासून कष्टाच्या तपासणीपर्यंत क्रमाने जातो.

लक्षणे

पहिले लक्षण असे की प्राणी नाही, ठसे नाहीत, लेंड्या नाहीत, आवाजही नाही. याचा अर्थ वेळ किंवा जागा चुकली आहे. दुसरे, ठसे आणि लेंड्या ताज्या आहेत, पण प्राणी कधीच समोर येत नाही. यात बहुधा वारा दोषी असतो. तिसरे, झाडीआड पाचोळ्याची खळबळ होते, एखादा इशाऱ्याचा कॉल येतो आणि मग सगळे शांत होते. हा प्रामुख्याने चालीचा दोष आहे. चौथे, प्राणी दिसतो, पण पाठमोरा पळतानाच. अशा वेळी आपला आकार, कपडे किंवा हालचाल त्याला आधी दिसलेली असते. पाचवे लक्षण वेगळे आणि अधिक गंभीर आहे: पूर्वी नियमित दिसणारा कळप एखाद्या जागेवरून नाहीसा होतो. त्याचा विचार शेवटी करू.

आमिषाबद्दल आधी

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अलीकडे धनुर्विद्या शिकणारी अनेक तरुण मुले परदेशी धनुर्धारी शिकाऱ्यांचे सल्ले वाचून रानात येतात. उत्तर अमेरिकेत परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्याने हरणांची शिकार करता येते, आणि त्या शिकाऱ्याला साधारण वीस ते तीस मीटरपर्यंत पोहोचावे लागत असल्यामुळे वारा ओळखणे, माग वाचणे आणि स्थिर बसणे या बाबतींत त्याचे ज्ञान खरोखर पक्के असते. ते ज्ञान निरीक्षकाने आणि छायाचित्रकाराने जरूर घ्यावे. मात्र भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच सापळा लावणे, हाकून नेणे आणि आमिष दाखवणे हेही येते. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे सरावाचे धनुष्य पाठीला लावून राष्ट्रीय उद्यानात शिरणे हाही गुन्हा ठरतो. धनुष्य मैदानावरच राहू द्यावे.

मका, मीठ, गूळ किंवा फळे टाकून हरिण जवळ आणण्याचा विचार करणाऱ्यांनी प्राण्याचे काय होते हेही समजून घ्यावे. हरिण हे रवंथ करणारे जनावर आहे. अचानक भरपूर धान्य खाल्ले तर त्याच्या पोटातील आम्ल वाढते आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. आमिषाच्या जागी भटकी कुत्री जमतात, हरणांमागे बिबट्याही येतो, आणि माणसाच्या हातच्या खाण्याला सरावलेले जनावर वस्तीकडे आणि रस्त्याकडे सरकते. घोडबंदर रस्ता नागला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग यांच्या मधून जातो, तेव्हा या सवयीचा शेवट कोठे होऊ शकतो हे वेगळे सांगायला नको.

परदेशी सल्ल्यातील आवाज काढण्याच्या युक्त्या येथे लागूही पडत नाहीत. शिंगांवर शिंगे आपटून किंवा नराचा हुंकार काढून हरिण बोलावण्याची पद्धत व्हाइट-टेल्ड डिअर या जातीसाठी आहे, कारण त्या जातीचा माज बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या आसपास एकवटलेला असतो. आपल्याकडील चितळांचा माज असा एका महिन्यात बांधलेला नाही. एकाच कळपात एका नराची शिंगे पूर्ण कठीण झालेली, तर दुसऱ्याची अजून मखमली आवरणात, असे दृश्य नेहमीचे आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवल्याने प्राणी येत नाही, उलट तेथील प्राणी अस्वस्थ होतात.

पहिली तपासणी: वेळ आणि परवानगी

सर्वांत सोपी तपासणी घड्याळाची. चितळ प्रामुख्याने उजाडताना आणि दिवस कलताना चरतात, मधल्या वेळेत सावलीत बसून रवंथ करतात. सांबर त्याहूनही निशाचर आहे आणि सूर्य वर आल्यानंतर ते दाट उतारावरून सहसा हलत नाही. सकाळी नऊ वाजता रानात शिरून अकरा वाजता परतणाऱ्याला हरिण न दिसणे हे स्वाभाविक आहे. मात्र याचा उपाय म्हणून अंधारात शिरू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बिबट्यांचे घर आहे, आणि प्रवेशाच्या वेळा व वाटा त्याचा विचार करून ठरवलेल्या आहेत. ज्या प्रवेशद्वारातून जायचे तेथील वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि कोणत्या वाटेला परवानगी आहे हे आदल्या दिवशी विचारावे, आणि उघडण्याच्या वेळी दारात हजर राहावे. एवढ्या एका बदलाने कितीतरी जणांची तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

दुसरी तपासणी: अंगावरचे आणि खिशातले

हरणांना लाल आणि नारिंगी रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, पण निळा रंग त्यांना चांगला दिसतो. म्हणून निळी जीन्स ही रानात लाल सदऱ्यापेक्षा अधिक उठून दिसते, हे नवख्यांना सांगून पटत नाही. कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुलाईच्या पावडरीत जी चमक आणणारी द्रव्ये घालतात, ती पहाटेच्या अंधूक प्रकाशात निळसर उजळतात. त्यामुळे रानाचे कपडे साध्या साबणाने धुवावेत आणि रंग मातकट, खाकी किंवा सुकलेल्या पानांसारखा निवडावा. महागडे चट्टेपट्टेरी कपडे घेण्याची गरज नाही.

अत्तर, सुगंधी तेल, तंबाखू आणि डासांसाठी लावायचे वासाचे मलम हे सर्व घरी ठेवावे. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोजे पुरतात. किल्ल्या, नाणी आणि कुरकुरणारे प्लॅस्टिक खिशात नसावे. मोबाइल पूर्ण बंद करावा, कारण शांत रानात त्याचे थरथरणेही ऐकू जाते.

तिसरी तपासणी: वारा

दुसरे लक्षण असलेल्या, म्हणजे ताजे ठसे मिळूनही प्राणी न दिसणाऱ्या वाचकाने हा भाग नीट वाचावा, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक फसलेल्या फेऱ्यांचे मूळ येथे आहे. हरणाचे डोळे स्थिर माणसाला चुकवू शकतात, कान फसू शकतात, पण नाक फसत नाही. साबण बदलून किंवा अंगाला पाला चोळून माणसाचा वास जात नाही. वास लपवण्यापेक्षा तो प्राण्यापासून दूर वाहील अशा बाजूला राहणे हाच खरा उपाय आहे.

वारा तपासायला उपकरण लागत नाही. सावरीच्या बोंडातील कापसाची एक तार चिमटीत धरून सोडावी आणि ती कोणीकडे जाते ते पाहावे. कापूस नसेल तर बारीक कोरडी माती किंवा चिमूटभर पीठही चालते. ही चाचणी प्रवेशद्वाराशी एकदा करून भागत नाही, प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी करावी लागते, आणि त्याचे कारण येऊरच्या भूगोलात आहे.

येऊर हे डोंगररांगेच्या पूर्वेकडील अंगावर आहे. ठाण्याहून आत शिरणारा माणूस त्यामुळे बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून चालतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हलका पूर्वेचा वारा असतो, म्हणजे तो नेमका आपल्या पाठीवर येतो आणि आपल्या पुढच्या उताराला आपली वर्दी देतो. त्याच वेळी नाल्यांतून मात्र रात्रीची गार हवा उताराने खाली वाहत असते, त्यामुळे नाल्यातून वर चढणाऱ्याच्या तोंडावर वारा येतो आणि वरच्या सोंडेवरून चालणाऱ्याच्या पाठीवर. ऊन तापू लागले की उतारावरची हवा वर चढते, आणि दिवस वर आल्यावर पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुरू होऊन सगळे गणित उलटते. पहाटे बरोबर असलेली बसण्याची जागा उशिरा सकाळी चूक ठरते ती यामुळे. म्हणून पहाटे नाल्याच्या वाटेने चढावे आणि वारा फिरला की जागा सोडावी, तेथेच हट्टाने बसू नये.

वारा पाठीवरच असेल आणि दुसरी परवानगीची वाट नसेल, तर सरळ चालत राहण्याऐवजी अपेक्षित जागा बाजूला ठेवून, वाटेच्या वळणाचा फायदा घेऊन तिच्या आडव्या दिशेला बसावे. परवानगीची वाट सोडून झाडीत शिरणे हा यावरचा उपाय नाही.

चौथी तपासणी: चाल आणि बसणे

फेब्रुवारीपासून सागाची पाने गळतात आणि जमिनीवर त्यांचा जाड, कडकडीत थर बसतो. त्यावरून एकसारख्या लयीत चालणारी दोन पावले हा रानात फक्त माणसाचाच आवाज असतो. चितळ काही पावले टाकते, थांबते, मान वर करते, पुन्हा सरकते. आपणही तसेच करावे: तीन-चार पावले, मग निदान अर्धा मिनिट पूर्ण थांबणे, आणि थांबताना झाडाच्या खोडाजवळ थांबणे. पाऊल ठेवताना आधी बाहेरची कड टेकवावी, खाली काटकी नाही याची खात्री करावी आणि मगच भार द्यावा. दव पडलेल्या किंवा पाऊस होऊन गेलेल्या सकाळी पाचोळा मऊ असतो आणि अशा दिवशी यश मिळण्याची शक्यता खूप वाढते, तेव्हा सुट्टी घ्यायचीच असेल तर तो दिवस साधावा.

तरीही नवख्याने चालण्यापेक्षा बसावे असेच मी सांगेन. पाठीमागे रुंद खोड, समोर पाऊलवाट किंवा पाणवठ्याकडे जाणारी मोकळी पट्टी, अंगावर सावली आणि तोंडावर वारा अशी जागा निवडून पाऊण तास तरी हलू नये. आपण येताना घातलेला गोंधळ विरून रान पूर्ववत व्हायलाच वीसेक मिनिटे लागतात, आणि बहुतेक जण नेमके त्याच सुमारास कंटाळून उठतात. दुर्बीण डोळ्यांपर्यंत न्यायची तर प्राण्याचे डोके खाली असताना, अतिशय सावकाश. चितळाने पाय आपटला किंवा मान ताणून आपल्याकडे पाहिले, तर हालचाल जिथल्या तिथे थांबवावी. त्याला शंका आली आहे, खात्री पटलेली नाही, आणि बऱ्याचदा ते पुन्हा चरू लागते.

तीनपेक्षा अधिक माणसे असतील तर यातले काहीही साधत नाही. मोठ्या गटाने हरिण पाहण्याची अपेक्षा न ठेवता झाडे आणि पक्षी पाहावेत.

पाचवी तपासणी: जागा

वेळ, कपडे, वारा आणि चाल हे सर्व तपासूनही पहिले लक्षण कायम असेल, तर जागा बदलण्याचा विचार करावा. हे काम कष्टाचे आहे, कारण त्यासाठी एकाच रानात सर्व ऋतूंत फिरून नोंदी ठेवाव्या लागतात.

प्रथम ठसे कोणाचे आहेत याची खात्री करावी. येऊरच्या आसपास बकऱ्या आणि गुरे चरतात, आणि बकरीचा बोथट ठसा हरणाचा समजून त्या जागी बसणारे अनेक असतात. चितळाचा ठसा निमुळता, पुढे टोकदार आणि साधारण पाच ते सहा सेंटिमीटर लांब असतो. सांबराचा स्पष्टपणे मोठा, सात सेंटिमीटरच्या पुढे असतो. भेकराचा अगदी लहान, तीन-चार सेंटिमीटरचा. रानडुकराचा ठसा रुंद असतो आणि त्यामागे बाजूच्या लहान खुरांच्या दोन खुणा उमटतात. लेंड्या ओलसर, चकचकीत असतील तर ताज्या. उन्हाळ्यात त्या काही तासांत सुकतात, म्हणून मे महिन्यातील सुकी लेंडी जुनीच असेल असे नाही.

त्यानंतर महिना आणि झाड यांची सांगड घालावी. हिवाळ्यात आवळा आणि बेहडा यांची फळे पडतात, त्यामागोमाग सावरीची मांसल फुले खाली येतात, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, आणि उंबर तर वर्षातून अनेकदा फळतो. फळे गळणाऱ्या झाडाखाली ताज्या लेंड्या असतील तर ती बसण्याची जागा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ सगळीकडे गवत आणि पाणी असल्यामुळे कळप विखुरतात, कारवीच्या दाटीमुळे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि या काळात न दिसणे हा दोष मानू नये. एप्रिल-मेमध्ये ओहोळ आटले की उरलेल्या पाण्याजवळ शक्यता सर्वाधिक असते. मात्र पाण्याच्या अगदी काठावर बसू नये. तहानलेले जनावर आपल्यामुळे पाणी न पिता परतले, तर त्या निरीक्षणाची किंमत ते मोजते.

वानरांचा माग ठेवणे ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते. वानरे वरून कोवळी पाने आणि अर्धवट खाल्लेली फळे टाकतात, चितळ खाली ती वेचतात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वास कळतो, आणि एकाच्या इशाऱ्यावर दुसरे सावध होते. झाडावर शांतपणे खात असलेली वानरांची टोळी दिसली, तर त्या झाडाखालची जमीन दुर्बिणीने इंच-इंच पाहावी. संपूर्ण हरिण शोधू नये. आडवी पाठीची रेघ, हलणारा कान, पायाचा तुकडा शोधावा.

भेकर आणि पिसोरी यांच्याबद्दल थोडक्यात: भेकर एकटे राहते आणि आवाजावरून, कुत्र्याच्या भुंकण्यासारख्या ठसक्यावरून आधी कळते. पिसोरी ससाभर उंचीची, निशाचर आणि दिवसा कपारीत दडणारी आहे, ती न दिसणे यात निरीक्षकाचा दोष नाही.

सहावी तपासणी: कळपच निघून गेला असेल तर

पाचव्या लक्षणाची कारणे आपल्या चालीत किंवा कपड्यांत सापडत नाहीत. कुत्र्यांचे ठसे हरणांच्या वाटेवर आहेत का, जवळच्या जागी रात्रीचे दिवे आणि ध्वनिक्षेपक सुरू झाले आहेत का, गवत वणव्यात जळाले आहे का, पाणवठ्यावर माणसांची वर्दळ वाढली आहे का, हे पाहावे. भटकी कुत्री टोळीने पाठलाग करतात तेव्हा हरिण चाव्याने मेले नाही तरी अतिश्रमाने आणि भीतीने मरू शकते, म्हणून अशा जागा कळप लवकर सोडतो. येथे आपण काय करावे याचे उत्तर एकच आहे: तारीख, वेळ, ठिकाण आणि छायाचित्र यांसह लेखी नोंद वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी. कुत्री हाकलणे, आग विझवायला एकट्याने धावणे किंवा कोणाशी वाद घालणे हे आपले काम नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही प्रसंगी तपासणी तेथेच सोडून द्यायची असते. तारेचा किंवा नायलॉनचा फास दिसला तर त्याला हात लावू नये, कारण तो पुरावा आहे. ठिकाणाची खूण मनात ठेवून परत यावे आणि वनरक्षकाला सांगावे. जखमी किंवा अडकलेले हरिण दिसले तर जवळ जाऊ नये, त्याला पाणी पाजू नये, पकडू नये. माणसाने धरलेले हरिण नुसत्या ताणाने स्नायू निकामी होऊन दगावू शकते, आणि म्हणूनच त्याला हाताळण्याचे काम वनविभागाच्या बचाव पथकाचे व पशुवैद्यकाचे आहे. गवतात एकटे, निश्चल बसलेले पाडस बहुधा अनाथ नसते. आई जवळपास चरत असते आणि आपण तेथे असेपर्यंत ती येत नाही, तेव्हा लगेच दूर व्हावे.

सांबराचा खणखणीत पोंक किंवा चितळाचा तीक्ष्ण कॉल एकाच दिशेने वारंवार येत असेल आणि वानरेही खाकरत असतील, तर त्या बाजूला बिबट्या असण्याची शक्यता धरून उठून उभे राहावे, सगळ्यांनी एकत्र राहावे आणि आल्या वाटेने सावकाश परतावे. पळू नये, लहान मुलांना मध्ये घ्यावे आणि छायाचित्रासाठी पुढे जाऊ नये.

सहाही तपासण्या करूनही काहीच हाती लागत नसेल, तर पुढचा खर्च महागड्या लेन्सवर न करता वनविभागाच्या अधिकृत निसर्गफेरीवर किंवा नोंदणीकृत मार्गदर्शकावर करावा. येऊरच्या पाड्यांवर वाढलेल्या वारली माणसाला कोणत्या आठवड्यात कोणते झाड फुलते आणि कोणत्या ओहोळात मेपर्यंत पाणी टिकते हे ठाऊक असते, आणि हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. घरी आल्यावर पाय, कंबर आणि गुडघ्यांमागे गोचीड पाहावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वन्यप्राण्यासंबंधी कोणत्याही तातडीच्या प्रसंगी महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे. तो फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा, आणि आत शिरण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार व किती वाजता परतणार हे दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगून जावे.